साताऱ्याचे तिघे आणि दिल्लीचे कागद

मराठी समीक्षेला सरकारी कागदांचे वावडे आहे. कथा, कादंबरी, काव्य, फार तर आत्मचरित्र वा प्रवासवर्णन, इतकेच तिचे शिवार. अहवाल, निवाडा, विधिमंडळातील भाषण हे प्रकार तिने वकिलांकडे आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांकडे सोपवून दिले आहेत. वस्तुतः ज्या लेखनाने लक्षावधी घरांतील मुलांचे शिक्षण आणि चाकरी ठरली, ते कोणत्या शब्दांत झाले, त्यातील उपमा कोठून आल्या, त्याचा कर्ता कोणास उद्देशून बोलत होता, हे प्रश्न साहित्याचेच आहेत. राखीव जागांच्या प्रश्नावर गेली पाऊणशे वर्षे दिल्लीत जे लिहिले-बोलले गेले, त्यातील तीन कागदांचा आम्ही येथे विचार करणार आहोत. तिन्हींचे कर्ते मराठी, आणि योगायोग असा की तिघांचाही साताऱ्याशी संबंध.

काका कालेलकर १८८५ साली साताऱ्यात जन्मले. आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी. त्यानंतर चारच महिन्यांनी, १६ मार्च १९०१ रोजी, त्याच गावी प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांचा जन्म झाला. एका गावाने तिघांस जे दिले ते मात्र एक नव्हते. कालेलकरांचे वडील सरकारी चाकरीत होते. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाने मुलूख पाहिला, आणि त्या बालपणातून पुढे वाचकांस ‘स्मरणयात्रा’ मिळाली. गजेंद्रगडकरांचे घर संस्कृत पंडितांचे. आंबेडकरांचे वडील लष्करात सुभेदार होते. परंतु ज्या चाकरीने त्या घरात अक्षरे आणली, तिचे दार महारांस त्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद झाले. शाळेत मुलाला स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज त्याची तहान भागत नसे, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. हा तपशील आम्ही वाचकाची करुणा जागवण्यासाठी देत नाही. पुढील कागदांत सरकारी नोकरीचा आणि सरकारी शाळेचा विषय आहे. आणि ज्याला ती दारे उघडी होती त्याचे बोलणे व ज्याला ती बंद होती त्याचे बोलणे यांत काय फरक पडतो, हे पाहावयाचे आहे.

तिघांपैकी साहित्यिक म्हणून ज्यांची नोंद झाली ते कालेलकर, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करणे योग्य. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले आणि गुजरातीने त्यांना आपल्या श्रेष्ठ गद्यकारांत बसविले; १९६५ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांना मिळाले तेही गुजराती ग्रंथासाठी. आम्हा महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींना ते नेहमीच आपले वाटत आले आहेत. ‘हिमालयातील प्रवास’ आणि ‘लोकमाता’ यांविषयी आपण अभिमानाने बोलतो. त्यांनी दिल्लीत राहून लिहिलेला सर्वांत परिणामकारक मजकूर मात्र कोणाच्या वाचनात नसतो. तो मजकूर म्हणजे पहिल्या मागासवर्ग आयोगाचा अहवाल राष्ट्रपतींस सादर करताना अध्यक्ष या नात्याने त्यांनी सोबत जोडलेले प्रदीर्घ पत्र.

राज्यघटनेच्या ३४० व्या अनुच्छेदानुसार हा आयोग २९ जानेवारी १९५३ च्या आदेशाने नेमला गेला. असा आयोग नेमण्यास सरकार दिरंगाई करीत आहे, ही १९५१ साली मंत्रिपद सोडताना आंबेडकरांनी मांडलेल्या तक्रारींपैकी एक होती. आयोगाने दोन वर्षे खपून २,३९९ जाती व समूह मागास म्हणून नोंदविले आणि त्यांपैकी ८३७ अतिमागास ठरविले. तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणसंस्थांत पात्र मागास विद्यार्थ्यांसाठी ७० टक्के जागा. सरकारी नोकऱ्यांत पहिल्या वर्गात २५, दुसऱ्यात ३३⅓ आणि तिसऱ्या-चौथ्यांत किमान ४० टक्के जागा, अशी शिफारस केली. समस्त स्त्रिया हा एक मागास वर्ग मानावा, आणि १९६१ च्या जनगणनेत जातवार मोजणी व्हावी, असेही सुचविले. अहवाल ३० मार्च १९५५ रोजी सादर झाला. अध्यक्षांच्या पत्राने त्या अहवालाचा पायाच काढून घेतला.

साहित्यप्रकाराचा विचार येथे उपयोगी पडतो. आयोगाच्या पाच सभासदांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या. अनुप सिंग, अरुणांग्शू डे आणि पी. जी. शहा यांना मागासलेपणाची जातीशी सांगड मान्य नव्हती. एस. डी. सिंग चौरसिया यांनी उलट बाजूने, जात हीच कसोटी असली पाहिजे, असे सदुसष्ट पृष्ठे लिहून प्रतिपादिले. टी. मरियप्पा यांचे म्हणणे दोन-तीन जातींच्या समावेशापुरते होते. भिन्नमतपत्रिका हा प्रकार मोठा शिस्तीचा आहे. मूळ अहवालातील मुद्दा घ्यावा, त्याचे खंडन करावे, आणि आपली सही वेगळी करावी, असा त्याचा दंडक. कालेलकरांनी ती वाट धरली नाही. त्यांनी बहुमताच्या बरोबर सही केली, आणि मग पत्र लिहिले. पत्राला तसे बंधन नसते. पत्रात मनुष्य आपल्या मनाची हकीकत सांगू शकतो, आणि हकीकतीचे खंडन कोणी करीत नाही.

ती हकीकत अशी. वरिष्ठ जातींनी खालच्या मानलेल्या जातींची जी उपेक्षा केली तिचे प्रायश्चित्त त्यांनी घेतलेच पाहिजे अशी पत्रलेखकाची खात्री होती. इतकी, की वरिष्ठ जातींतील गरीब आणि लायक माणसांनाही विशेष साहाय्यापासून दूर ठेवावे, अशी शिफारस करण्यास तो सिद्ध होता. नंतर त्याला आढळले की जातीच्या पायावर उपाय सुचविल्याने मुसलमान व ख्रिस्ती समाजांवर त्याचा अत्यंत अनिष्ट परिणाम होणार. या धक्क्याने त्याचे डोळे उघडले, आणि रोगापेक्षा औषध वाईट असे वाटू लागले. पण तोवर काम संपत आले होते, सहकाऱ्यांच्या मताचा ओघ थोपविणे शक्य नव्हते, म्हणून अनिच्छेने तो बहुमताबरोबर राहिला. शिवाय सरकारी नोकऱ्यांत कोणत्याही जमातीसाठी जागा राखण्यास त्याचा स्पष्ट विरोध आहे, कारण नोकऱ्या नोकरांसाठी नसून समाजाच्या सेवेसाठी असतात.

हे आश्रमीय आत्मनिवेदन आहे. साबरमतीच्या सहवासात ज्यांनी रोजनिशी लिहिली, त्यांच्या लेखणीला हा सूर सहज वश होता. त्यात खोटेपणा नाही, हे आम्हांस प्रथम सांगितले पाहिजे. आपला विचार बदलला हे राष्ट्रपतींस लेखी कळविणारा दुसरा अध्यक्ष सहसा आढळणार नाही. परंतु या निवेदनाचा नायक कोण? आदि ते अंत निवेदक स्वतः. ‘प्रायश्चित्त’ हा शब्दच पाहा. प्रायश्चित्तात कर्ता असतो तो पाप करणारा. त्याने किती उपास करावेत, केव्हा सोडावेत, हे त्याचे मन आणि त्याचा शास्त्री ठरवितो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्या विधीत जागाच नाही. तो केवळ निमित्त. म्हणून व्रत करणाऱ्याच्या मनात विकल्प आला की व्रत संपते. पत्रात नेमके हेच घडले आहे. दोन हजारांवर जातींची हकीकत ज्या अहवालात आहे, त्यावर शेवटचा शब्द पडला तो एका सज्जनाच्या मनःस्थितीचा.

नोकऱ्यांविषयीचे वाक्य आणखी बारकाईने पाहण्याजोगे आहे. नोकरी समाजासाठी आहे, नोकरासाठी नाही, हे तत्त्व म्हणून कोण नाकारील? पण ज्या घरात दरमहा पगार येतो, बदलीच्या गावी बैलगाडी येते, मामलेदार घरी येऊन बसतो, त्याच घरातील मुलाला पुढे नोकरी हा निर्मळ सेवाधर्म दिसू शकतो. सुभेदाराच्या मुलाला नोकरी म्हणजे अधिकार, संरक्षण आणि शाळेची वाट हे कधी विसरता येणे शक्य नव्हते. ‘स्मरणयात्रे’च्या लेखकाला आपल्या बालपणाचे बारकावे इतके आठवत होते, राष्ट्रपतींना लिहिताना त्यातील हा एक बारकावा आठवला असता तर ते वाक्य तसेच उतरले नसते.

एका बाबतीत मात्र कालेलकरांची दृष्टी त्यांच्या टीकाकारांपेक्षा दूर पोचली होती. जातीचा जाच धर्म बदलून सुटत नाही, आणि कायदा मात्र धर्म पाहून साहाय्य देतो, ही विसंगती त्यांनी हेरली. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात हिंदूंखेरीज मोजक्या शीख जातींनाच स्थान होते. शिखांस व्यापक प्रवेश मिळाला १९५६ मध्ये. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास लक्षावधी माणसांनी बौद्ध धर्म स्वीकारला, आणि त्या एका कृत्याने केंद्राच्या लेखी ती माणसे अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर गेली. त्यांना तेथे परत घेण्यास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! महाराष्ट्रातून दिल्लीच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या किती तरुणांनी ‘धर्म’ या रकान्यापाशी लेखणी थांबविली असेल, याची कल्पनाच करावी. तेव्हा कालेलकरांची शंका खरी होती. पण शंकेतून निघणारा निष्कर्ष एकच नव्हता. मुसलमान-ख्रिस्त्यांतही जाती आहेत असे आढळले, तर यादी रुंद करावी हा एक मार्ग. यादीच फाडावी हा दुसरा. पुढे मंडल आयोगाने पहिला मार्ग धरला आणि हिंदूंखेरीज अन्य धर्मांतील मागास समूहही मोजले. कालेलकरांनी दुसरा मार्ग सुचविला, आणि सरकारास तोच सोयीचा होता.

३ सप्टेंबर १९५६ रोजी गृहमंत्रालयाने अहवाल संसदेपुढे ठेवला तो आपल्या टिपणासह. ठरावीक जातींस मागास म्हणून मान्यता दिल्याने जातिभेदच चिरंजीव होईल, असा त्या टिपणाचा आशय होता. १४ ऑगस्ट १९६१ रोजी राज्य सरकारांस कळविण्यात आले की याद्या त्यांनी आपापल्या कराव्यात, तथापि आर्थिक कसोटी लावणे बरे. केंद्रापुरता विषय तेथे मिटला.

आता ३० नोव्हेंबर १९४८ चे आंबेडकरांचे भाषण घ्यावे. मसुद्याचे दहावे कलम, जे आज घटनेत सोळावे आहे, घटना समितीपुढे होते. ‘मागास’ या शब्दाने सभासद अस्वस्थ झाले होते, टी. टी. कृष्णमाचारी यांनी मसुदा समितीला टोमणे मारले होते. आंबेडकरांचे उत्तर गणिताच्या रीतीने चालते. तीन मते त्यांनी समोर ठेवली. सर्वांस समान संधी असावी. ती खरोखर असावयाची तर कोणासाठीही राखीव जागा नसाव्यात. आणि तरीही ज्या समाजांना आजवर कारभाराबाहेर ठेवले त्यांच्या प्रवेशाची काही तजवीज हवी. ही तिन्ही एकत्र कशी नांदतील? त्यांनी उदाहरण दिले: काही समाजांसाठी एकूण जागांच्या ७० टक्के राखल्या आणि खुल्या स्पर्धेस ३० टक्केच उरल्या, तर समान संधीचे तत्त्व राहिले असे कोणी म्हणू शकेल काय? म्हणून राखीव जागा या एकूण जागांपैकी कमी हिश्शाच्या असल्या पाहिजेत. आणि अपवादाने नियम गिळू नये म्हणूनच ‘मागास’ हे विशेषण घातले आहे.

या भाषणात प्रायश्चित्त नाही, उपकार नाही, सेवाही नाही. नियम आहे, अपवाद आहे आणि त्यांचे प्रमाण आहे. त्यांच्यावर जो पक्षपाताचा आरोप होत आला, तो करणाऱ्यांनी हे भाषण वाचलेले नसते असेच आम्हांस वाटते. कारण मर्यादा प्रथम त्यांनीच घातली. मागणाऱ्याने स्वतःच्या मागणीला कुंपण घालावे हे त्या सभेतही विरळच होते. मागणी हक्काची असली की तिला सीमा सांगता येते. उपकाराला सीमा नसते आणि शाश्वतीही नसते.

तथापि भाषणात एक कच्चा दुवा आहे. मागास कोण, या प्रश्नाला आंबेडकरांनी उत्तर दिले ते असे की सरकारच्या मते जो मागास तो मागास. त्यावर वाद झाला तर न्यायालय आहे. सभेत वेळ मारून नेण्यास हे पुरेसे झाले. पण सात वर्षांनी कालेलकर ज्या खड्ड्यात पडले तो हाच. आयोगाने तर तांत्रिक शिक्षणासाठी नेमका तोच सत्तरचा आकडा सुचविला, जो आंबेडकरांनी नियम मोडल्याचे उदाहरण म्हणून दिला होता. एकाचा विषय नोकऱ्यांचा आणि दुसऱ्याचा शिक्षणाचा, हे खरे. पण आकड्याची जाणीव ठेवूनही त्याचे समर्थन करता आले असते. ते अध्यक्षांच्या पत्रात तर नाहीच नाही.

तिसरा कागद २८ सप्टेंबर १९६२ चा. म्हैसूर सरकारने त्या वर्षीच्या जुलैअखेर वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत ६८ टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला होता: मागासांस २८, अधिक मागासांस २२, अनुसूचित जातींस १५ आणि जमातींस ३. बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या वतीने गजेंद्रगडकरांनी तो रद्द केला. जात हा विचारात घेण्याजोगा घटक आहे, पण एकमेव कसोटी नव्हे. सामाजिक मागासलेपण अखेर बऱ्याच अंशी दारिद्र्यातून येते. आणि राखीव जागा सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी असाव्यात, हे त्यातील सार. निवाड्याची भाषा स्वच्छ आणि समतोल आहे. गजेंद्रगडकर उदारमतवादी होते, कामगारांच्या खटल्यांत त्यांनी नाव मिळविले होते. पण दारिद्र्याविषयीचे ते विधान ते इतक्या सहज करून जातात की वाचक थबकतो. दारिद्र्याने मागासलेपण येते की मागास ठेवल्याने दारिद्र्य येते? सुभेदाराचे घर उपाशी नव्हते. शाळेतील गोणपाट दारिद्र्यातून आले नव्हते.

पन्नासाच्या या आकड्याला मराठी मुलखात एक जुने नाते आहे. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागास वर्गांतून भराव्यात असे ठरविले. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले लोक वगळून बाकी सारे मागास, इतकी सोपी त्यांची व्याख्या होती. कोल्हापूरच्या हुकुमात पन्नास हा तळ होता. साठ वर्षांनी दिल्लीच्या निवाड्यात तोच आकडा छप्पर झाला. महाराजांना पत्र लिहून मन मोकळे करण्याची गरज भासली नव्हती, हेही नोंदवावे.

यापुढील इतिहास वाचकांस ठाऊक आहे. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशींपैकी २७ टक्के नोकऱ्यांचा भाग अमलात आणण्याची घोषणा झाली, आणि दिल्लीतील विद्यार्थी रस्त्यावर आले. तरुणांनी देह पेटवून घेतले. त्या दुःखाविषयी हलक्या शब्दांत लिहिणे आमच्याकडून होणार नाही. पण त्या आंदोलनात, आणि २००६ साली शिक्षणसंस्थांतील राखीव जागांच्या वेळी पुन्हा, शिकल्या-सवरल्या मुलांनी निषेध म्हणून रस्ते झाडले आणि जोड्यांना पॉलिश केले, त्या नाट्याचा अर्थ समीक्षकाने सांगावाच लागतो. आमच्यावर ही पाळी येईल, असे त्यांना म्हणावयाचे होते. ज्यांच्यावर ही पाळी पिढ्यान्‌पिढ्या आहे ते प्रेक्षकांत उभे असतील, हे त्या नाटककारांच्या ध्यानात आले नाही. कालेलकरांच्या पत्रातील तीच रिकामी जागा.

सरकारी नोकरीच्या आधारानेच दिल्लीत आलेली मराठी घरे पुष्कळ आहेत. त्या घरांत या विषयावर जे बोलणे होते त्यात ‘गुणवत्ता’ हा शब्द फार येतो, आणि आपल्या आजोबांना दिल्लीच्या कचेरीत कोणी चिकटविले ही हकीकतही तितक्याच कौतुकाने येते. या दोन गोष्टी एकाच बैठकीत सांगताना कोणाला अडखळल्यासारखे होत नाही, याचे आम्हांस नवल वाटत आले आहे.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २७ टक्के मान्य केले, मागासांतील सुस्थितांस वगळले आणि पन्नासाचे छप्पर कायम ठेवले. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के आले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ते टिकले. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांत मराठी सरन्यायाधीश उदय लळित होते. अर्थात कालेलकरांचा विजय झाला असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. जात न पाहता सर्व समाजांतील गरिबांस मदत करावी असे त्यांचे म्हणणे होते. नव्या तरतुदीत अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास वर्ग यांतील गरिबाला प्रवेश नाही. म्हणजे दारिद्र्य मोजण्यापूर्वी जात विचारली जाते.

आणि १९६१ साठी सुचविलेली जातवार मोजणी? ती करण्याचा निर्णय केंद्राने जाहीर केला ३० एप्रिल २०२५ रोजी. त्या शिफारशीवर अध्यक्ष म्हणून कालेलकरांची सही आहे.

या विषयावरील मराठी गद्याचे संकलन कधी कोणी केले तर त्यात कालेलकरांचे पत्र अनुवादून घ्यावे, असे आम्ही सुचवितो. आणि त्याच्या पुढच्याच पानावर चौरसियांची भिन्नमतपत्रिका घ्यावी, ती मराठी नसली तरी. मागणाराचा आवाज त्या सबंध ग्रंथात ठळकपणे ऐकू येतो तो तेथेच, आणि सदुसष्ट पृष्ठे कंटाळवाणी असतील तर असोत.

मंडल आयोगाने आपल्या अहवालाचे पहिले प्रकरण पहिल्या आयोगाच्या चिकित्सेलाच दिले आणि त्यात या पत्रातील उतारे छापले. तो अहवाल ३१ डिसेंबर १९८० रोजी सादर झाला. कालेलकर तेव्हा हयात होते, वय पंचाण्णव. २१ ऑगस्ट १९८१ रोजी ते वारले. अहवाल संसदेपुढे आला तो १९८२ च्या एप्रिलअखेर.